बलोपासनेच्या शतकात खेळाचे काय झाले?

मराठीत प्रौढ माणसाला 'व्यायाम करता ना?' असे सहज विचारता येते. 'खेळता ना?' असे विचारले, तर तो क्षणभर गोंधळतो आणि मग बहुधा पत्त्यांविषयी किंवा आपल्या मुलांविषयी बोलू लागतो. डॉक्टर, घरातील वडीलधारी मंडळी, दिवाळी अंकांतले आरोग्यविषयक लेख, सारे एकमुखाने व्यायामाचा उपदेश करतात. उपदेश हिताचाच असतो. परंतु त्याच्या पोटात एक गृहीत दडलेले असते: शरीराची निगा हे कर्तव्य आहे, आणि खेळ ही कर्तव्ये आटोपल्यावर उरलेल्या वेळात करावयाची, किंबहुना मुलांवर सोपवून द्यावयाची गोष्ट आहे. हे गृहीत आमच्या इतके अंगवळणी पडले आहे, की त्यालाही एक इतिहास असेल अशी शंका सहसा कोणाला येत नाही. तो इतिहास फार जुना नाही, असे आम्हांला वाटते. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत महाराष्ट्रात तो घडला, आणि त्याच्या खुणा भाषेत, साहित्यात आणि गल्लीबोळांत अजूनही दिसतात.

आधी शब्दांकडे पाहू. शरीर कमावण्याशी निगडित असलेले मराठी शब्द पाहिले तर त्यांत शिस्तीचा वास भरून राहिलेला आढळतो. 'व्यायाम' संस्कृतातून आला. त्याच्या मुळाशी ताणणे, आवरणे या अर्थांचा 'यम्' हा धातू आहे. 'तालीम' हा अरबी शब्द. मूळ अर्थ शिकवण. म्हणूनच कुस्तीचीही तालीम असते आणि नाटकाचीही. 'कवायत' हे तर 'कायदा' याचेच अनेकवचन. मराठीत येता येता त्याने पाय आपटायला सुरुवात केली. या साऱ्यांच्या तुलनेत 'खेळ' हा शब्द पाहावा. मुलांचा खेळ, सोंगट्यांचा खेळ, गारुड्याचा खेळ, कोकणातले दशावतारी खेळ. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगविले, त्यालाही लोक खेळच म्हणत. पुढे चित्रपटगृहातही 'पहिला खेळ' आणि 'शेवटचा खेळ' आले. ज्या शब्दात मूल, नट, जुगारी आणि देवाचे सोंग घेणारा एकत्र नांदतात, तो शब्द 'आरोग्य' या सभ्य शब्दाच्या शेजारी बसवणे नव्या शिक्षितांना अवघड वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना याची एक विलक्षण साक्ष हाताशीच आहे. तुकोबांच्या गाथेत काल्याच्या अभंगांच्या आसपास खेळांची एक जत्राच भरलेली दिसते. फुगडी, हुंबरी, हमामा, टिपरी, विटी-दांडू, हुतूतू, चेंडूफळी, मृदंगपाट्या, अशी नावे शीर्षकांतून एकामागून एक येतात. एकनाथांच्या भारुडांतही फुगडी, पिंगा, हुतूतू आहेतच. शिकवताना आम्ही या रचना 'रूपक' म्हणून निकालात काढतो. हुतूतूचा दम म्हणजे आयुष्याचा श्वास, फुगडीची फिरकी म्हणजे संसाराचा फेरा, असे सांगितले की तासाचे काम झाले. रूपक आहे, हे खरेच. पण रूपक चालण्यासाठी ऐकणाऱ्याच्या अंगाला तो खेळ ठाऊक असावा लागतो. हुतूतूमध्ये दम तुटण्याच्या आधीचा तो एक क्षण ज्याने अनुभवलेला नाही, त्याला त्या अभंगाचा अर्धाच अर्थ पोचतो. तुकोबांचा श्रोता प्रौढ होता, कष्टकरी होता आणि तो हे खेळ खेळलेला होता; निदान खेळ त्याच्या डोळ्यांसमोर होते, एवढे तरी त्यावरून मानावयास हरकत नाही.

शिवाय हा सगळा प्रकार काल्याशी जोडलेला आहे, हेही विसरता येत नाही. काला म्हणजे गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र करून खाणे. गुरे राखणे, खेळणे आणि वाटून खाणे ही तेथे एकाच दिवसाची तीन अंगे आहेत. वारीत आजही हे शिल्लक आहे. आळंदीहून निघालेली पालखी तीन आठवड्यांच्या चालीने पंढरपुरास पोचते. वाटेत रिंगण होते, अश्व धावून जातो, आणि मग टाळकरी, पखवाजी, डोईवर तुळस घेतलेल्या बायका फुगड्या घालतात, हुतूतू खेळतात, मनोरे रचतात. दहा-पंधरा किलोमीटर चालून आलेला, साठी उलटलेला शेतकरी गुडघे दुमडून उड्या मारतो. त्याला कोणी विचारले की, 'माउली, हे कशासाठी?', तर 'प्रकृतीसाठी' असे उत्तर येण्याची शक्यता जवळजवळ नाही.

मल्लविद्येची परंपराही मुळात एवढी गंभीर नव्हती. मल्लखांबाच्या उगमाची जी कथा सांगतात ती पाहा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी झाडावर खेळणाऱ्या माकडांकडे पाहून मल्लखांबाच्या उड्या बसवल्या, असे परंपरा सांगते. कथा शब्दशः खरी की नाही हा मुद्दा वेगळा. पण ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली त्यांना आपल्या विद्येचा गुरू एक खोडकर जनावर असण्यात कमीपणा वाटला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तालमीच्या हौद्यातली माती तेल, ताक, हळद घालून मळलेली. वस्ताद, खुराक, जोर-बैठका, थंडाई. आणि संध्याकाळी पारावर गप्पा. शिस्त होती, आणि ती कडकच होती, पण ती एका वस्तीच्या जगण्यात मिसळलेली होती. पोरगा तालमीत जाई तो आधी सोबत्यांसाठी.

जुन्या वैद्यकाचा सूर तर आणखी सैल आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'तील दिनचर्येच्या अध्यायात व्यायाम येतो तो अभ्यंग आणि स्नान यांच्या मधोमध, आणि तोही अर्ध्या शक्तीनेच करावा अशा बेताने. पुढे अतिरेकाने घात करणाऱ्या गोष्टींची यादी दिली आहे, त्यात फार व्यायाम आणि फार हसणे ही एकाच पंक्तीत बसलेली आहेत. आजच्या आरोग्यप्रचारकाला हा शेजार चमत्कारिक वाटेल. आम्हांला मात्र त्यात एक मोठा समंजसपणा दिसतो. व्यायाम आणि हसणे ही एकाच जातीची द्रव्ये आहेत, दोन्ही अंगाला हवीत आणि दोन्हींचा कैफ चढतो, हे त्या ग्रंथकाराला ठाऊक होते.

मग बदल झाला तो कोठे? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्या-मुंबईच्या शिक्षित समाजाला एका भीतीने ग्रासले. विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडलेली मुले अकाली मरतात, ही ती भीती. न्यायमूर्ती रानड्यांनी या विषयावर स्वतंत्र विवेचन केले. भीती पोकळ नव्हती. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ साली वारले तेव्हा त्यांचे वय अवघे ३१ होते; दम्याने जन्मभर छळलेले आगरकर १८९५ साली गेले, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. मराठी गद्याला वळण देणारे दोन मोठे लेखक असे ऐन भरात गेलेले पाहिले, म्हणजे त्या पिढीच्या मनात शरीराविषयी जी तळमळ निर्माण झाली तिची थट्टा करवत नाही. भरीला १८९६-९७ चा प्लेग आला. त्याने तर घरे रिकामी केली. शिवाय परकीय राज्यकर्त्यांचा टोमणा होताच, की हे लोक बुद्धीने तल्लख पण देहाने लेचेपेचे आहेत. आजारपण, अपमान आणि पारतंत्र्य या तिन्हींची बेरीज झाली आणि शरीर ही राष्ट्राची ठेव ठरली.

टिळकांची गोष्ट या संदर्भात सर्वांना पाठ असते. १८७३ साली डेक्कन कॉलेजात गेल्यावर, प्रकृती तोळामासा असल्याचे जाणवून त्यांनी पहिले वर्ष प्रामुख्याने व्यायामाला दिले आणि त्या नादात परीक्षा बुडाली. शाळेच्या पुस्तकांतून ही गोष्ट निर्धाराचा धडा म्हणून येते. परंतु त्यांच्या चरित्रांतला तो भाग जरा सावकाश वाचला तर वेगळेच चित्र उभे राहते. पोहणे, कुस्ती, सहाध्यायांच्या खोड्या, आणि या सर्वांत एका सतरा वर्षांच्या मुलाला आलेली भरघोस मजा! ज्या वर्षाने टिळकांना पुढच्या तुरुंगवासांना पुरेल अशी काठी दिली, ते वर्ष खेळाचेही होते. चरित्राचे बोधचरित्र करताना निर्धार तेवढा ठेवला गेला आणि मजा गाळली गेली.

समर्थ रामदासांच्या बाबतीतही निवडीचा असाच प्रकार घडला. परंपरेने रामदास आणि तुकाराम या दोघांचा जन्म एकाच वर्षीचा, १६०८ चा, मानतात. बलोपासनेच्या प्रचारकांनी यांतून रामदास उचलले. गावोगावचे मारुती, समर्थ रोज बाराशे नमस्कार घालीत ही आख्यायिका, शक्ती आणि युक्ती यांची जोडी, हे सारे त्या काळाला नेमके हवे होते. तुकोबांचे विटी-दांडू आणि चेंडूफळी मात्र त्या प्रचारसाहित्यात आमच्या वाचनात क्वचितच आले. कारण उघड आहे. मारुतीपुढे घातलेल्या नमस्काराने शत्रूशी लढता येईल अशी आशा धरता येते. फुगडीने कोणाशी लढणार?

या वृत्तीचे सर्वांत लोभस आणि सर्वांत कडवे रूप एकाच माणसात पाहावयाचे असेल तर औंधला जावे लागते. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे सातारा जिल्ह्यातील या छोट्या संस्थानाचे १९०९ पासूनचे अधिपती. तरुणपणी त्यांनी सँडो या युरोपीय बलवानाची पद्धती वर्षानुवर्षे चालवली, साधने मागवली, आणि मग मिरजेच्या अधिपतींच्या उदाहरणाने ते सूर्यनमस्काराकडे वळले. वळले ते असे, की उरलेले आयुष्य त्यांनी नमस्काराच्या प्रचाराला वाहिले. संस्थानातल्या शाळांत मुलामुलींकडून नमस्कार घालून घेतले. बायकांनी नमस्कार घातलेच पाहिजेत, असा त्या काळात धाडसाचा वाटावा असा आग्रह धरला. १९३८ साली लंडनहून त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि सूर्यनमस्कार परदेशी वाचकांपर्यंत गेले. आज जगभरच्या योगवर्गांत जी हालचाल सर्वांत आधी शिकवली जाते तिच्या प्रसाराचा एक मोठा धागा औंधच्या या राजवाड्यातून निघतो, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते.

सूर्यनमस्काराचे सामर्थ्य त्याच्या काटकसरीत आहे. त्याला मैदान नको, साधन नको, सोबती नको. सतरंजीएवढी जागा पुरते. गरीब देशाला याहून योग्य व्यायाम कोणता असणार? पण त्याच गुणात त्याची मर्यादाही आहे. सोबती नको म्हटल्यावर हसणे गेले. आणि नमस्काराचा जीव संख्येत असतो. आज किती घातले? पंचवीस, पन्नास, शंभर. मोजणी आली की वहीही येते, आणि वही आली की एखाद्या चुकलेल्या दिवसाची टोचणीही येते. आजच्या मनगटी यंत्रावर पावले मोजणाऱ्या माणसाला औंधच्या राजांनी आपला मानला असता, याविषयी आम्हांला शंका नाही.

गंमत अशी, की राजे स्वतः मुळीच रुक्ष नव्हते. ते चित्रकार होते, त्यांनी रामायणावरची चित्रे काढली. ते कीर्तनात रंगत. त्यांनी औंधला जमवलेला चित्रसंग्रह पाहिला की थक्क व्हायला होते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी आश्रय दिला. १९३९ साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना दिली, आणि त्याच सुमारास संस्थानात कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटामागे तीच हकीकत आहे. एवढ्या रसिल्या आणि प्रयोगशील माणसाच्या दिवसात नमस्कार हा अनेक छंदांपैकी एक छंद होता. तो त्यांना मानवला यात त्या बाकीच्या छंदांचा वाटा किती, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. आम्ही वारसा घेतला तो नमस्कारांचा. कुंचला आणि चिपळ्या औंधलाच राहिल्या.

लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाला प्रयोगशाळेत नेले. त्यांचे काम स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवतो, की ते बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात घडलेले होते आणि संघ-व्यायामाची त्यांना चांगली जाण होती. बडोद्यातच मुजुमदारांनी 'व्यायामज्ञानकोशा'चे दहा खंड संपादून प्रसिद्ध केले. दहा खंड! एवढा पसारा आवरणाऱ्या माणसाला 'कर्तव्यापोटी' असे म्हणून चालणार नाही; त्यामागे निखळ हौस असली पाहिजे.

देशी खेळांचेही याच काळात नियम झाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोला नियमांची चौकट दिली. त्याच वर्षी अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला. त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह देशी खेळ करून दाखवले. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी तो जिंकला. त्या अंगणातल्या खेळाने केवढा पल्ला गाठला! नियमांमुळे खेळाला मान मिळाला, शाळेत तास मिळाला, मुलींना मैदान मिळाले. ही मिळकत नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तरीही अंगणातल्या खो-खोत बसणाऱ्यांची संख्या जमलेल्या पोरांइतकी असे, आणि लहानग्याला 'लिंबूटिंबू' म्हणून घेतले जाई, हे विसरू नये. लिंबूटिंबू बाद होत नाही. नियमांच्या पुस्तकात त्याला जागा असूच शकत नाही, आणि घरच्या खेळात तर त्याच्यावाचून चालत नाही.

येथे एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतो. पूर्वीच्या खेळकर महाराष्ट्राचे चित्र रंगवताना, त्या अंगणात कोणाला प्रवेश होता हे विचारलेच पाहिजे. पळवणकर बाळू (१८७६–१९५५) हे चर्मकार समाजातले. पुण्यातल्या इंग्रजांच्या क्लबात मैदानाची कामे करता करता ते सरावाला आलेल्या साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकू लागले. बॅट मात्र त्यांच्या हाती दिली जात नसे. इंग्रजांना ते बाद करतात हे कळल्यावर हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले, परंतु चहाच्या वेळी त्यांचा पेला वेगळा आणि जागाही मंडपाबाहेर. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी मिळवले. तरी कर्णधारपद त्यांना नाहीच मिळाले. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्या वाट्याला आले. या विठ्ठलरावांनी १९४८ साली मराठीत आत्मचरित्र लिहिले, 'माझे क्रीडा-जीवन'. आमच्या आत्मचरित्रांच्या अभ्यासक्रमांत ते सहसा दिसत नाही, याची खंत वाटते. 'क्रीडा' आणि 'जीवन' यांमधली ती जोडरेघ किती किमतीची आहे, हे त्या घराण्याचा इतिहास ठाऊक असलेल्यालाच कळेल. बाळूंना चेंडू टाकणे ही आधी मजुरी होती. ती खेळ व्हायला त्यांना किती वर्षे लागली, आणि ती पुरती कधी झाली का, याचा निवाडा आम्ही करू शकत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. बलोपासनेच्या चळवळीने प्रारंभी त्यांच्याकडे फारसे पाहिलेच नाही, आणि त्यामुळेच, असे म्हणावेसे वाटते, त्यांचे खेळ खेळच राहिले. मंगळागौरीचे जागरण घ्या. श्रावणातल्या मंगळवारी नवविवाहिता पूजा करतात आणि रात्रभर खेळतात. साधी फुगडी, बसफुगडी, दंडफुगडी, जातेफुगडी. झिम्मा, पिंगा, कोंबडा. सासू-सुनेच्या लटक्या भांडणाचे खेळ. मांड्या, कंबर, पाठ, श्वास, यांतला कोणताही भाग त्या रात्रीतून सुटत नाही. कोंबड्यासारखे उकिडवे बसून दहा उड्या माराव्यात म्हणजे त्याची कल्पना येईल. पण त्या खेळांच्या सगळ्या गाण्यांत शरीर सुधारण्याची भाषा नाही. तेथे माहेर आहे, रुसवा आहे, सासूची नक्कल आहे. दिवसभर ज्या घरात मान खाली घालून वावरायचे, त्याच घराची टिंगल त्याच घराच्या माजघरात करण्याची परवानगी वर्षातून एखाद्या रात्री मिळे. भोंडल्यात तर पाटावर हत्ती काढून मुली फेर धरतात आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा खेळ होतो. डबा हलवून, वास घेऊन, प्रश्न विचारून आत काय आहे हे ओळखायचे, आणि ओळखता आले नाही तर करणाऱ्या घरची बाई खूश. खाण्याला इतके निरागस कुतूहल चिकटलेले आम्ही अन्यत्र पाहिलेले नाही.

अर्थात या सुखालाही कुंपण होते. मंगळागौर मुख्यतः ब्राह्मण घरांतली, आणि लग्नानंतरच्या पहिल्या पाच वर्षांपुरती. नंतर उद्यापन. म्हणजे बाईच्या खेळण्याला वय होते, निमित्त होते आणि कोणाची तरी संमती होती. विधवेला तर त्या माजघरात पाऊलच नव्हते. नागपंचमीचे झोके आणि फेर, गौरी-गणपतीच्या रात्री यांचा विस्तार अधिक होता. सरोजिनी बाबरांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या द्वारे जे लोकधन गोळा केले त्यातून शेतकरी घरांतल्या बायकांच्या खेळांचीही ओळख होते. ते साहित्य आम्ही ओव्या आणि गाणी म्हणून वाचतो. त्यातल्या पावलांकडे आमचे लक्ष जात नाही.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्राचे ओझे उतरले, पण उपदेशाचा सूर तसाच राहिला. विनोदी लेखकांच्या कानांनी तो अचूक टिपला. पु. ल. देशपांड्यांच्या 'बटाट्याची चाळ' या १९५८ च्या पुस्तकात 'उपास' नावाचे प्रकरण आहे. वजन उतरवण्याचा निश्चय केलेल्या माणसावर सारी चाळ सल्ल्यांचा वर्षाव करते. दर वाचनात हसू येते. परंतु आता वाचताना आम्हांला असेही जाणवते, की उपासाने त्या गृहस्थाचे भले झाले नसेल, पण त्या निमित्ताने भोवती जमलेल्या बोलक्या चाळीने मात्र नक्कीच झाले असेल. एवढी माणसे ज्याच्या वजनाची काळजी करतात तो काही अगदीच आजारी म्हणता येणार नाही.

आणि मग १९९५ साली मुंबईत, अंधेरीच्या एका बागेत, डॉ. मदन कटारिया यांनी पाच माणसांनिशी हास्यक्लब सुरू केला. प्रारंभी मंडळी विनोद सांगून हसत. काही दिवसांतच चांगले विनोद संपले! साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या घटनेची नोंद घ्यावी. तेव्हा विनोदावाचून हसण्याची युक्ती निघाली: हात वर करायचे, श्वास घ्यायचा आणि खदखदा हसायचे. पुण्या-मुंबईच्या बागांतून पहाटे ते हसू ऐकू येऊ लागले आणि पुढे ते देशोदेशी गेले. आम्ही प्रथम ऐकले तेव्हा नाके मुरडली होती, हे कबूल करतो. कारणावाचून हसणे म्हणजे हसण्याचीही कवायतच, असे तेव्हा वाटले. पुढे त्या बागेच्या बाकावर बसून पाहिले तेव्हा दिसले, की पहिले हसू ठरवून काढलेले असते, परंतु दुसरे शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहून येते आणि ते खरे असते. सत्तरीच्या आजीबाई एकमेकींना वेडावून दाखवीत होत्या. निवृत्तीनंतरचा एकटेपणा घालवायला त्यांना 'आरोग्य' या शब्दाचा परवाना लागला, एवढेच. त्यांच्या आज्यांना मंगळागौरीचा लागत असे.

शेवटी कोल्हापूर. शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आश्रय आणि १९१२ साली पुरे झालेले खासबाग मैदान यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यापेक्षा कमी लिहिले गेले ते तेथल्या तालमींच्या दुसऱ्या अवताराविषयी. पेठापेठांतल्या या तालमींनी कुस्तीबरोबर फुटबॉल उचलला, आणि तोही असा की शहराच्या साखळी सामन्यांत संघ उतरतात ते तालमींच्या नावांनी: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. ज्या शब्दाचा मूळ अर्थ शिकवण, जो पुढे मातीच्या हौद्याचा झाला, तो येथे गोलपोस्टासमोर उभा आहे. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर सामन्याच्या दिवशी पेठेतली म्हातारी मंडळी येऊन बसतात. त्यांतल्या काहींनी कधीकाळी जोर काढलेले असतात, काहींनी नुसतेच पाहिलेले. समोरच्या पेठेच्या गोलरक्षकाला त्याच्या आजोबांच्या नावाने हाक मारून चिडवतात, आणि मध्यंतर झाला की गुडघ्यावर हात टेकून भेळ आणायला उठतात.